दप्तराची राखण कोण करणार?

भुदरगड तालुक्यातील गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात जणांनी हौतात्म्य पत्करले. कचेरी परक्या सरकारची न राहता रयतेची व्हावी, हा त्या लढ्याचा अर्थ होता. आज त्या रयतेचा सातबारा, रोजगार हमीची हजेरी आणि पतसंस्थेतील खाते संगणकावर गेले आहे. या दप्तराची राखण कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. तो लोकशाहीचा प्रश्न आहे.

संकेतस्थळाचा सर्व्हर हा दप्तरखान्याच्या खिडकीवरील कारकुनासारखा असतो. नेमून दिलेल्या कप्प्यातील कागद तेवढा मागणाऱ्याला द्यावा, हे त्याचे काम. परंतु 'कप्प्याबाहेर जा आणि आतल्या खोलीतील फाईल आण', अशी मागणी कोणी पत्त्यातच दडवून पाठविली आणि त्याने ती निमूटपणे पुरविली, तर कुलूप न तोडता दप्तर लुटले जाते. जगभर वापरल्या जाणाऱ्या अपाचे सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत २०२१ साली हाच दोष आढळला. कप्प्याबाहेरील फायलींना स्पष्ट मनाई नसेल तेथे त्या बाहेर जात. तातडीने काढलेली २.४.५० ही आवृत्तीही अपुरी ठरली; २.४.५१ काढावी लागली.

निष्काळजीपणाला तर एवढ्या युक्तीचीही गरज नसते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे ४३ हजारांहून अधिक अहवाल कोणालाही वाचता येतील असे उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्ही तपासणीचे अहवालही होते.

हा दोष ओळखण्यास मोठे भांडवल लागत नाही. सर्व्हरची आवृत्ती पाहावी. त्याची नोंदवही वाचावी. मागितलेल्या पत्त्यात दोन टिंबे आणि तिरपी रेघ पुन्हा पुन्हा दिसली, अथवा टिंबांच्या जागी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे सांकेतिक रूप दिसले, तर कोणीतरी कप्प्याबाहेर हात घालीत आहे, असे समजावे. उत्तराचा आकडा ४०३ वा ४०४ असेल तर कागद मिळालेला नाही. २०० असेल तर तो बाहेर गेल्याचा दाट संशय धरावा. कप्प्याबाहेर एक निरुपद्रवी फाईल ठेवून ती बाहेरून मिळते का, हेही संस्थेने स्वतः पडताळावे. नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि असा प्रकार ध्यानात येताच सहा तासांत कळवावे, असा केंद्रीय यंत्रणेचा २०२२ चा आदेशच आहे. पण वाचणाराच नसेल तर जपलेली नोंदवही काय कामाची?

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. दुसरीकडे, गळतीचे निमित्त करून कारभारच झाकून ठेवू पाहणाऱ्यांनाही विरोध केला पाहिजे. कारभाराचा कागद उघडा आणि माणसाचा कागद सुरक्षित, हीच लोकशाहीची रीत होय.

तेव्हा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत आणि ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत : आवृत्ती कोणती? नोंदवही कोण वाचतो? शेवटची तपासणी कधी झाली? 'ते ठेकेदाराला ठाऊक' असे उत्तर आले, तर दप्तर अजून रयतेचे झालेले नाही, हे ओळखावे.