फसलेल्या यंत्रांची घराणी

१९८२ साली एचएमव्हीने एक तबकडी काढली. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका, आणि सगळं वाजवणारा माणूस एकच: चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे हे वादक. सिंगापूरहून त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही छोटीशी रुपेरी पेटी. त्यांवर त्यांनी भैरव, ललत, तोडी, मालकंस बांधले. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती नव्याने काढली तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले. १९८७ मध्ये शिकागोत जन्मला असं मानल्या गेलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’चा आवाज तिच्यात पाच वर्षं आधीच होता.

आपल्याकडे ही गोष्ट छाती फुगवून सांगितली जाते. मला मात्र ती दुसऱ्या टोकाकडून बघावीशी वाटते. आवाज मुंबईत होता, यंत्रं मुंबईत होती, वाजवणारा तयारीचा होता. मग घराणं शिकागोत का निघालं?

त्या रुपेरी पेटीची कुळकथाच मुळी अपयशाची आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून रोलँडने टीबी-३०३ केली. खऱ्या बासची सर तिला कधी आली नाही. तिच्यात सुरावट भरणं हे कटकटीचं काम. दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद पडलं आणि उरलेल्या पेट्या जुन्या मालाच्या दुकानांत पडेल भावाने गेल्या. पण तिला एक खोड होती. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत जायची, आणि सुरावट फिरत असताना खुंट्या पिळल्या तर आवाज कुंथायचा, चिरकायचा, किंचाळायचा. सिंग यांनी त्या घसरणीत मींड ऐकली. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूतल्या पोरांनी तीच सुरावट मिनिटामागून मिनिटं फिरत ठेवली आणि खुंट्या पिळत बसले.

त्यांची ध्वनिफीत रॉन हार्डी या डीजेकडे गेली. ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात त्याने ती पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले, असं सांगतात. गड्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, परत लावली. चौथ्या खेपेला गर्दी वेडी झाली होती. सिंग यांच्या तबकडीला ही चौथी खेप मिळालीच नाही. घराघरांतल्या रेकॉर्ड प्लेअरवर ती एकेकट्याने ऐकली गेली असणार, आणि एकट्या माणसाने न आवडलेली गोष्ट चार वेळा का ऐकावी?

शिकागोला ती गर्दी आयती मिळाली नव्हती. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरातल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवला गेला. प्रेक्षक मैदानात घुसले, रात्रीचा दुसरा सामना रद्द झाला. डिस्को हे मुख्यतः काळ्यांचं, लॅटिनोंचं आणि समलिंगींचं संगीत. बाहेर त्याची होळी झाली तरी ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स ते वाजवत राहिला. तबकड्या कमी पडू लागल्या तशी तालयंत्रं पुढे आली. ‘हाउस’ हे नाव त्या वेअरहाउसवरून पडलं, असं बहुतेक जण मानतात. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावं ज्यांच्या तोंडी आहेत त्या आपल्याला गावावरून, जागेवरून पडणाऱ्या नावांचं नवल नाही. न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गॅरेज’वरून ‘गॅरेज’ आलं. मोटारींच्या कारखान्यांनी उभ्या केलेल्या आणि पुढे त्यांच्याच उताराने पोखरलेल्या डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन साँडरसन या शाळूसोबत्यांनी जर्मन ‘क्राफ्टवेर्क’ आणि अमेरिकन फंक यांची सांगड घालून टेक्नो घडवला. तो बर्लिनला रुजला, कारण भिंत पडल्यावर तिथे रिकाम्या जागांना तोटा नव्हता. ‘ट्रेझॉर’ हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या दुकानाच्या तिजोरीच्या तळघरात उघडला.

उलट, जिथे पैसा आणि पाठबळ होतं तिथे काय झालं? १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांतून रचना केली. कोलोनच्या रेडिओत स्टॉकहाउझेन आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई यांनी तिथे काम केलं. चार वर्षांच्या आत तो थंडावला. या स्टुडिओंतल्या रचना मोलाच्या आहेत आणि पुढच्यांनी त्यांतून भरपूर उचललं. पण बंद दाराआड श्रोत्याची गाठ पडत नाही. तिथून कृती निघाल्या. घराणी नाचणाऱ्यांनी काढली.

सरकारांना हे समीक्षकांच्या आधी कळलं. ब्रिटनने १९९४ च्या फौजदारी कायद्यात रात्रीच्या उघड्यावरच्या मेळाव्यांना आवर घालताना संगीताची व्याख्याच केली: एकामागून एक येणाऱ्या आवर्ती ठोक्यांचा आवाजही त्यात धरायचा. ‘ऑटेकर’ या जोडीने लगेच एक रचना अशी बांधली की तिच्यातल्या कुठल्याही दोन आवर्तनांचे ठोके सारखे येत नाहीत, आणि ती वाजवताना वकील व संगीतज्ञ जवळ ठेवा असा सल्ला वेष्टनावर छापला. कायद्याला इतकं सुरेल उत्तर क्वचितच मिळालं असेल.

त्याच सुमारास हणजुणच्या किनाऱ्यावरून ‘गोवा ट्रान्स’ जगभर गेला. सॅन फ्रान्सिस्कोहून सत्तरच्या आसपास आलेला गोवा गिल, डॅट फितींवर वाजणारं वेगवान संगीत, माडांखाली चटया टाकून रात्रभर चहा विकणाऱ्या गावातल्या बाया. घराण्याला नाव गोव्याचं, रचनाकार मात्र बहुतेक ब्रिटिश, इस्रायली, जर्मन. गोंयकारांच्या वाट्याला आली ती चहाची विक्री आणि आवाजाची तक्रार. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकबंदीने त्या रात्रींना लगाम बसला.

आणि आपल्याकडे? १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती, आणि तिच्यावर तोंडात रुमाल धरून वरातीत लोळणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. रोलँडचा ऑक्टोपॅड आला आणि बेंजो पार्टीत तो ताशाच्या शेजारी जाऊन बसला. आज गणपतीच्या, भीमजयंतीच्या, हळदीच्या मिरवणुकीत ट्रकवरच्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून जे वाजतं त्यात हलगीचा तुकडा, संबळाचा नमुना, कोळीगीताचा मुखडा आणि खाली इलेक्ट्रॉनिक बास असतो. स्वस्त यंत्रं, शाळेबाहेरची पोरं, रस्त्यावरची गर्दी: घराणं जन्मायला लागणारं सगळं इथे हजर आहे.

या भिंतींच्या आवाजाची तरफदारी मी करणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीच घातली आहे. तान्ह्या मुलाच्या, हृदयरोग्याच्या खिडकीखाली ती मोडण्याचा हक्क कुणालाही नाही. पण वर्तमानपत्रांत या संगीताबद्दल जे छापून येतं त्यात डेसिबल असतात, गुन्हे असतात, जप्त केलेले मिक्सर असतात. त्याचा ताल कुठून आला हे कधी नसतं. कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या मिक्समध्ये फरक काय, हलगी पहिल्यांदा कुणी संगणकात घेतली, याचा माग कुणी ठेवलेला नाही. अहमदाबादच्या फिती संस्थेच्या कपाटात राहिल्या म्हणून २०२३ मध्ये त्या पुन्हा ऐकायला मिळाल्या. सिंग यांचं काम तबकडीवर दाबलं गेलं होतं म्हणून वाचलं. मिरवणुकीचं संगीत पेनड्राइव्हवर असतं, आणि पुढच्या हंगामाआधी तो पुसून त्यावर नवी गाणी भरली जातात. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्याने येत्या गणेशोत्सवात आवाज मोजणारं यंत्र पोलिसांच्या हाती असू द्यावं, आणि स्वतः एक रेकॉर्डर घेऊन या पोरांच्या गोदामात जावं.