जुनी वस्तू आणि देणाऱ्याचा हात

अमेरिकेत वापरलेल्या वस्तूंची मोठमोठी दुकाने असतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. लोकांनी देऊन टाकलेले कपडे, भांडी, पुस्तके, खुर्च्या तेथे निवडून, किमतीची चिठ्ठी लावून नीट मांडलेल्या असतात. अशा दुकानाला तेथे जे नाव आहे, त्याचा अर्थ ‘काटकसरीचे दुकान’ असा होतो. यांपैकी कित्येक दुकानांतून आता भेटपत्रेही मिळतात. आपण २५ डॉलर भरून एक कार्ड घ्यावयाचे, ते वाढदिवसाला मित्राच्या हाती द्यावयाचे, आणि मित्राने सवडीने त्या दुकानात जाऊन तेवढ्या रकमेची मनाजोगती वस्तू आणावयाची, अशी ही रीत आहे.

नव्या वस्तूंच्या दुकानांची भेटपत्रे आपल्याकडेही रुळली आहेत. परंतु जुन्या वस्तूंच्या दुकानाचे भेटपत्र! एखाद्या मावशीने भाच्याच्या मुंजीत असे पाकीट दिले, तर पाहुणे पांगल्यावर त्या घरात काय बोलणे होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. “आमच्या मुलाने काय लोकांचे उतरलेले कपडे घालायचे?” हा त्यातला सर्वांत सौम्य उद्गार असेल.

हा संताप खरा असतो. पण तो वस्तूच्या जुनेपणावर असतो का? मला तसे वाटत नाही. बसमधील ज्या आसनावर आपण बसतो, उपाहारगृहातील ज्या ताटात जेवतो, ग्रंथालयातील जे पुस्तक उशाशी घेऊन झोपतो, त्यांतले काहीही कोरे नसते. दुसऱ्याने वापरलेली स्कूटर विकत घेऊन तिला हार घालताना कोणी लाजत नाही. सोन्याच्या बाबतीत तर ‘जुने’ हे विशेषण निंदेचे राहतच नाही. देवीला नेसवलेल्या साड्या अनेक देवळांतून भाविकांना विकत अथवा पावणीत मिळतात. ती साडी आपल्यापूर्वी दुसऱ्या कोणी नेसली होती, हेच तर तिचे मोल असते. भरताने चौदा वर्षे सिंहासनावर ठेवल्या त्या पादुकांची थोरवीही पादुकांत नव्हे, त्यांना लागलेल्या पायांत होती.

आपल्या घरांतली चाल पाहावी. जन्मलेल्या बाळाला प्रथम गुंडाळतात ते आजीच्या लुगड्याच्या मऊ जुनेरात. कोऱ्या कापडाची खळ त्या कातडीला सोसत नाही. त्यानंतर त्याच्या अंगाखाली येते ती गोधडी, म्हणजे चार-पाच जुन्या लुगड्यांचे एकत्र शिवलेले आयुष्य. ज्याचा आरंभ असा झाला, त्याने सोळाव्या वर्षी जुन्या शर्टाला नाक मुरडावे, ही मोठी गंमत आहे. आम्ही घरी कोंकणी बोलतो. कोंकणीत जुन्याला ‘पोरनें’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत ‘पुराण’ या शब्दाचाच वंशज आहे. एकाच कुळातील दोघे. परंतु पुराण देव्हाऱ्यापाशी आणि पोरनें अडगळीत! तीस वर्षांची खुर्ची मोडकी म्हणून भंगारवाल्याला जाते, आणि तिचीच एकशेतीस वर्षांची शिसवी आजी गोव्याच्या एखाद्या उंची हॉटेलात पाहुण्यांच्या कौतुकाला बसविली जाते.

भेटींचे म्हणाल, तर हळदीकुंकवातील खण कितवे घर पाहून आपल्याकडे आला आहे, हे सांगणे ब्रह्मदेवालाही कठीण. घडी न मोडता तो फिरत राहतो आणि कधीतरी मूळ दात्रीकडे परत येतो. त्यास कोणी जुना म्हणत नाही, कारण कोणी वापरलेलाच नाही. वापरलेली वस्तू हीन आणि निरुपयोगी राहिलेली वस्तू मात्र सन्मान्य, हा न्याय मला तरी उलगडलेला नाही.

तेव्हा बोच जुनेपणाची नव्हे. बोच आहे ती देणाऱ्याच्या हाताची. जुने कापड आपल्या समाजात दीर्घकाळ वरून खालीच येत राहिले. खालच्याने हात पसरावयाचा आणि वरच्याने त्यात टाकावयाचे, असा तो व्यवहार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असे नेमूनच दिले आहे. तेथे जुने वस्त्र ही मदत नव्हती. माणसाची पायरी दुरून ओळखू यावी म्हणून त्याच्या अंगावर मारलेला तो शिक्का होता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, आणि त्याच प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना पोशाखाविषयी चार गोष्टी सांगितल्या. हीनत्वाची ओळख पटविणारी नेसण्याची रीत टाका, असा त्यांचा आग्रह होता. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, तो स्वच्छ मात्र असावा, असेही त्यांनी सांगितले. हा भेद नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. स्वतःच्या कपड्यावरचे ठिगळ माणसाला खाली आणीत नाही. दुसऱ्याने नेमून दिलेले जीर्ण वस्त्र आणते. म्हणून ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी असली वस्त्रे मुकाट्याने अंगावर घेतली, त्यांच्या घरात आज जुन्या कपड्याचा तिटकारा दिसला, तर त्याला मी पोकळ ऐट म्हणणार नाही. नव्या कपड्यासाठी त्यांनी काढलेल्या कर्जाचा हिशेब मांडण्याचा अधिकार आम्हां इतरांना फारसा नाही.

हा हात मध्ये येऊ न देता जुनी वस्तू गरजवंतापर्यंत कशी न्यावी, हा खरा प्रश्न आहे. १९०२ साली बॉस्टन शहरात एडगर हेल्म्स नावाच्या एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने त्याचे एक उत्तर काढले. सधन वस्त्यांतून पोती भरभरून जुने कपडे व सामान त्यांनी गोळा केले. गरीब व बेकार स्त्री-पुरुषांना, ज्यांत परदेशांतून आलेले पुष्कळ होते, ते दुरुस्त करण्याचे काम दिले, आणि दुरुस्त झालेला माल स्वस्तात विकावयास ठेवला. ‘गुडविल’ या नावाने आज जी दुकाने तेथे शहरोशहरी आहेत, त्यांचा हा उगम. या योजनेतील मर्म किमतीच्या त्या लहानशा चिठ्ठीत आहे. फुकट दिलेली वस्तू घेणाऱ्याला आभार मानावे लागतात. विकत घेणाऱ्याला घासाघीस करता येते, नाक मुरडता येते, “हा रंग नको, दुसरा दाखवा” असे म्हणता येते. नाकारण्याचा हक्क ज्याला आहे, तोच ताठ मानेने घेऊ शकतो.

आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापिलेल्या ‘गूंज’ या संस्थेने निराळी वाट काढली. शहरांतून आलेले कपडे ती खेड्यांत नुसते वाटीत नाही. गावकऱ्यांनी आपल्या गरजेचे एखादे काम, जसे विहीर, रस्ता, बांबूचा पूल, स्वतः ठरवून पुरे करावयाचे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावयाचे, अशी तिची पद्धत. अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पैशाने असो वा श्रमाने, मोल दिले की कापडावरचा जुना मालक पुसला जातो.

या दृष्टीने पाहता, जुन्या वस्तूंच्या दुकानाचे भेटपत्र हे जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा फार वरच्या दर्जाचे देणे आहे. गाठोड्यात देणाऱ्याची निवड असते, आणि पुष्कळदा देणाऱ्याची अडगळही. भेटपत्रात घेणारा निवड करतो. तरीही एक पथ्य पाळलेच पाहिजे. जो स्वतः त्या दुकानाची पायरी कधी चढत नाही, त्याने हे भेटपत्र कोणाला देऊ नये. स्वतःसाठी नव्या दुकानात जावयाचे आणि भाचीला जुन्याचा रस्ता दाखवावयाचा, ही भेट नव्हे. गाठोडेच ते, केवळ पाकिटात घातलेले. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ इंग्लंडात स्विंडनला नोकरीस आहेत. पहिल्या हिवाळ्याचा कोट त्यांनी तेथील धर्मादाय दुकानातून घेतला आणि तो अद्यापि वापरतात. गावी आले की मात्र तो कोठून घेतला हे सांगत नाहीत. असे लोक मोकळेपणाने बोलू लागले, तर आमच्या दहा निबंधांचे काम होईल.

तरुण मंडळींत वारा थोडा फिरला आहे, हे कबूल केले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाईलवर वापरलेल्या कपड्यांची लहान लहान दुकाने आपल्याकडेही निघाली, आणि महाविद्यालयीन मुली तेथून हौसेने खरेदी करतात. परंतु येथेही सावध असावे. स्वस्त मिळते म्हणून गरजेवाचून दहा सदरे घ्यावयाचे, तर ती काटकसर नव्हे. “देऊन टाकता येईल” या भरवशावर नवे घेत सुटणे तर त्याहून वाईट. पाश्चात्त्य देशांतील देऊन टाकलेले कपडे गठ्ठेच्या गठ्ठे घाना देशाच्या आक्रा शहरातील कांतामांतो बाजारात येतात. तेथे त्यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचे नाव पडले आहे, कारण जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकील हे तेथील लोकांना प्रथम खरेच वाटेना. आता त्या गठ्ठ्यांतील पुष्कळसा माल केराच्या लायकीचा निघतो, आणि तो समुद्रकिनाऱ्यावर साचतो. एका सुती सदऱ्याच्या कापसापासून शिलाईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा एक प्रचलित अंदाज आहे. जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टान्त गीतेत आला आहे खरा. पण तो आत्म्याविषयी आहे, आणि ‘जीर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘गेल्या दिवाळीचे’ असा कोणत्याही भाष्यकाराने केलेला माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या शाळांविषयी. एका शाळेत स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनानंतर गरजू विद्यार्थ्यांना जुने गणवेश वाटण्यात आले. हेतू उत्तम होता. नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली गेली. एका मुलाचे नाव तीनदा पुकारले, तरी तो रांगेतून हलला नाही. दुसऱ्याने गणवेश घेतला. आठवड्याच्या आत वर्गातील एकाने त्याच्या कॉलरच्या आतील नाव वाचले, आणि वर्षभर तो मुलगा त्या नावाने ओळखला गेला. अशा वाटपापेक्षा न वाटलेले बरे.

त्याऐवजी प्रत्येक शाळेने वर्षाच्या आरंभी जुन्या वस्तूंचा एक बाजार भरवावा, असे मी सुचवितो. रेनकोट, दप्तरे, कंपासपेट्या, शब्दकोश, गोष्टींची पुस्तके, लहान झालेले गणवेश, फार तर एखादी सायकल, एवढे त्यात यावे. किमती विद्यार्थ्यांच्या समितीने ठरवाव्यात. खरेदी रोख पैशाने न करता शाळेने छापलेल्या पन्नास-पन्नास रुपयांच्या भेटचिठ्ठ्यांनी व्हावी. पालकांनी त्या विकत घ्याव्यात आणि वाढदिवसाला मुलांच्या मित्रांना द्याव्यात. वक्तृत्वाच्या व निबंधाच्या स्पर्धेतील पहिले बक्षीसही याच चिठ्ठ्यांचे असावे. शिक्षकांनीही त्या बाजारात खरेदी करावी, मी करीन. आणि ज्या घरी अडचण आहे, त्या घरी याच चिठ्ठ्या वर्गशिक्षकाने गाजावाजा न करता पोचवाव्यात. त्यांचा कागद, रंग, शिक्का, सारे इतरांसारखेच असावे, म्हणजे बाजारात रेनकोट घेणाऱ्या मुलाची चिठ्ठी बक्षिसाची, वाढदिवसाची की मदतीची, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाही कळणार नाही.

बारीकसारीक गोष्टी अनुभवाने ठरतील. पुस्तकांवरील आधीच्या मालकाचे नाव खोडू नये, असे मला वाटते. शब्दकोशाच्या पहिल्या पानावर तीन नावे असली, तर चौथ्याने आपले खाली लिहावे. गणवेशाचे तसे नाही. कॉलरच्या आत शिवलेली नावाची पट्टी मांडणीपूर्वी प्रत्येक सदऱ्यावरून उसवून घ्यावी, आणि हे काम शिवणकामाच्या तासाला मुलगे व मुली दोघांनीही करावे.