सातवा क्रमांक

एखादा विजेता खेळाडू निवृत्त होऊन पुन्हां स्पर्धेंत उतरणार अशी वार्ता आली म्हणजे जो तो एकच प्रश्न विचारतो : आतां त्याला जिंकतां येईल काय? अमेरिकेच्या अलिसा लिऊ हिनें २०२२ सालीं, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षीं, बर्फावरील स्केटिंगच्या स्पर्धांतून अंग काढून घेतलें. २०२४ मध्यें ती परतली आणि २०२५ च्या मार्चमध्यें बोस्टन येथें जगज्जेती झाली. मग तिच्या पुनरागमनाच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचें कोणास कारणच उरलें नाहीं. यशानें सर्वांचीं तोंडें बंद केलीं. परंतु जी परत आली आणि हरली, तिचें काय? तिनें घरींच बसावयास हवें होतें काय?

हा प्रश्न यंदा माझ्या वर्गांत निघाला. १९९४ च्या हिंवाळी ऑलिंपिकमधील कॅटरिना विट हिच्या स्केटिंगची चित्रफीत मीं मुलांस दाखविली, आणि पूर्वीं दोन वेळां सुवर्णपदक मिळविलेली ही बाई या खेपेस सातवी आली असें सांगितलें. "म्हणजे नापासच कीं, सर!" एक विद्यार्थी चटकन् म्हणाला, व सारा वर्ग हंसला. मला मात्र त्या उत्तरांत त्याच्या एकट्याचा आवाज ऐकूं आला नाहीं. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं "नंबर कितवा?" एवढेंच विचारणाऱ्या पुष्कळ घरांचा तो आवाज होता. ज्या पालकांच्या हातीं हा अंक पडेल त्यांनीं राग मानूं नये. आम्ही शिक्षकही याच दोषाचे धनी आहों.

आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तेव्हां या खेळाविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. बुटांच्या तळाशीं पोलादी पातीं बसवून स्पर्धक बर्फावर उतरतात आणि उड्या व गिरक्या संगीताच्या साथीनें करून दाखवितात. स्त्रियांच्या मुख्य कार्यक्रमास त्या काळीं चार मिनिटें असत. परीक्षक सहापैकीं गुण देत. एक गुण तंत्रासाठीं व दुसरा कलात्मक परिणामासाठीं. संगीत कोणतें घ्यावें हें मात्र स्पर्धकानें ठरवावयाचें असतें, आणि तें एकदां ठरलें कीं महिनोन्‌महिने प्रत्येक पाऊल त्याच स्वरांवर घोटावें लागतें. स्नेहसंमेलनाच्या आधीं आठ दिवस, सर्वांच्या तोंडीं असलेलें गाणें उचलून त्यावर कवायत बसविणाऱ्या आमच्या मुलांस हें पटकन् उमगत नाहीं.

कॅटरिना विट ही पूर्व जर्मनीची. कार्ल-मार्क्स-श्टाट येथें युटा म्युलर या करड्या शिस्तीच्या शिक्षिकेच्या हाताखालीं ती तयार झाली. १९८४ सालीं सारायेव्हो येथें, अठराव्या वर्षीं, तिनें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें आणि १९८८ मध्यें कॅल्गरी येथें तें राखलें. स्त्रियांच्या या स्पर्धेंत लागोपाठ दोनदां विजय मिळविण्याचा पराक्रम तिच्यापूर्वीं फक्त नॉर्वेच्या सोन्या हेनी हिनें केला होता. कॅल्गरीला विटनें बिझेच्या 'कार्मेन'चें संगीत निवडलें होतें; आणि योगायोग असा कीं, अमेरिकेच्या डेबी टॉमस हिनेंही तेंच निवडलें. वृत्तपत्रांनीं त्याचें 'कार्मेनांचें युद्ध' बनविलें. नाट्य उत्तम वठलें, शेवटीं विट बर्फावर कोसळून कार्मेनप्रमाणें 'मेली' आणि पदक घेऊन उठली. तें संगीत जिंकण्यासाठीं निवडलेलें होतें, व त्यानें आपलें काम चोख केलें.

त्यानंतर ती व्यवसायांत गेली. बर्फावरील नृत्याचे जाहीर खेळ, चित्रपट, पैसा, कीर्ति, सर्व कांहीं मिळालें. १९९० सालीं तिचा देशच नकाशावरून नाहींसा झाला. धंदेवाईक खेळाडूंना ऑलिंपिकचें दार त्या वेळेपर्यंत बंद होतें. तें १९९४ च्या लिलेहामरच्या ऑलिंपिकसाठीं अर्ज करणाऱ्यांस किलकिलें झालें, तेव्हां अठ्ठावीस वर्षांची विट परत आली. एवढा अवधि या खेळांत म्हातारपणच होय. तिच्यापेक्षां दहा-बारा वर्षांनीं लहान मुली अधिक अवघड तिहेरी उड्या मारीत होत्या. आपल्याला पदक मिळण्यासारखें नाहीं, हें तिला कळत नव्हतें असें समजण्याचें कारण नाहीं.

मग ती कशासाठीं आली? याचें उत्तर तिच्या संगीतांत आहे. अमेरिकेच्या पीट सीगर यानें १९५५ सालीं रचलेल्या, फुलें कोठें गेलीं असें विचारणाऱ्या गाण्याची चाल तिनें घेतली. फुलें मुलींनीं खुडलीं, मुली तरुणांच्या झाल्या, तरुण सैनिक झाले, सैनिक कबरींत गेले आणि कबरींवर पुन्हां फुलें आलीं, असें त्या गाण्याचें चक्र आहे. मार्लिन डीट्रिच या नटीनें तें जर्मन भाषेंत गाऊन त्या देशांत घरोघर पोंचविलें होतें. विटनें आपलें हें नृत्य सारायेव्होस अर्पण केलें.

तें नगर त्या वेळीं जवळजवळ दोन वर्षें वेढ्यांत सांपडलें होतें. ज्या झेट्रा नांवाच्या सभागृहांत अठरा वर्षांच्या विटनें पहिलें सुवर्णपदक घेतलें, तें तोफांच्या माऱ्यानें उद्ध्वस्त झालें होतें. त्याच्या तळघरांत प्रेतें ठेवीत. प्रेक्षकांच्या लांकडी आसनांच्या शवपेट्या झाल्या. १९९४ च्या ५ फेब्रुवारीस तेथील बाजारांत एक तोफगोळा पडून ६८ माणसें मेलीं. त्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, १२ फेब्रुवारीस, लिलेहामरचा उद्घाटन-समारंभ झाला. आणि २५ तारखेस, जवळच्या हामार गांवीं, विट तांबडा पोषाख घालून बर्फावर उतरली.

येथें एक बारीकशी गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एकेरी स्पर्धेंत शब्द असलेलें गीत वापरण्यास त्या वेळीं मनाई होती. ती बंदी २०१४ मध्यें उठली. म्हणून त्या दिवशीं हामारला फक्त वाद्यें वाजलीं. युद्धाविषयीं, कबरींविषयीं एक अक्षरही उच्चारलें गेलें नाहीं. ज्यांना गाणें ठाऊक होतें त्यांनीं तें मनांतल्या मनांत म्हटलें असेल. मला तर वाटतें, त्या नियमानें तिच्यावर उपकारच केले. शब्द असते तर तें कदाचित् भाषण झालें असतें.

तिच्याविरुद्ध बोलण्यासारखें कांहीं नाहीं, असें मी म्हणत नाहीं. संघांत जागा मोजक्याच असतात. तिनें एक घेतली, म्हणजे दुसरी एखादी मुलगी घरीं राहिली. त्या मुलीच्या आईला हें नृत्य पाहून काय वाटलें असेल, याचा विचार मला सोडीत नाहीं. दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. लोकांचीं घरें जळत असतांना त्या दुःखावर रंगीत पोषाखांत गिरक्या घेणें शोभतें काय? असल्या श्रद्धांजलींत कीर्तीची हांव मिसळलेली नसेल कशावरून?

दुसऱ्या आक्षेपास मीं माझ्यापुरतें एक उत्तर शोधलें आहे. हेंच गाणें विटला आपल्या जाहीर खेळांत घेतां आलें असतें. तेथें परीक्षक नव्हते, प्रतिस्पर्धी नव्हत्या, टाळ्या ठरलेल्या होत्या. तें सोडून, जेथें आपण हरणार हें बहुतेक निश्चित होतें, जेथें प्रत्येक चुकीचे गुण कापले जाणार होते, तेथें ती तें गाणें घेऊन गेली. दोन सुवर्णपदकांच्या पुढें सातवा क्रमांक लिहिला जाईल हें पत्करून गेली. श्रद्धांजलि वाहणाऱ्याचें स्वतःचें कांहीं खर्च झालें, तर ती खोटी म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं. पहिल्या आक्षेपाला असें उत्तर माझ्याजवळ नाहीं, आणि उगाच ओढून-ताणून तें देण्याची माझी इच्छाही नाहीं.

त्या स्पर्धेंत युक्रेनची सोळा वर्षांची ओक्साना बायूल पहिली आली व ती त्या मानास पात्रही होती. मीं वर्गांत तिचीही चित्रफीत लावली. परंतु तास संपल्यावर तो 'नापास' म्हणणारा विद्यार्थी माझ्या टेबलाशीं येऊन उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "सर, त्या झेट्रा हॉलचें पुढें काय झालें?"

तें पुन्हां बांधून १९९९ सालीं उघडण्यांत आलें, असें मीं त्यास सांगितलें.

"मग तिकडे आतां परत स्केटिंग करतात?"

करतात, म्हणालों.