ऑनलाइन बाजार: वर संगनमत, खाली स्पर्धा

ऑनलाइन बाजारामुळे स्पर्धा वाढली, स्पर्धेमुळे किमती उतरल्या आणि ग्राहक राजा झाला, असा डांगोरा गेली दहा-बारा वर्षे पिटला जात आहे. घरबसल्या स्वस्त माल मिळू लागला की या प्रचारावर श्रमिक कुटुंबांचाही विश्वास बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ही स्पर्धा कोणामध्ये आहे, तिचा खर्च कोण सोसतो आणि ती कोठे जाऊन थांबते, या प्रश्नांची उत्तरे वस्तुस्थितीच्या आधारे दिली पाहिजेत.

टॅक्सीच्या धंद्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. उबर कंपनीने चीनमध्ये दीदीशी अफाट पैसा ओतून झुंज घेतली आणि ऑगस्ट 2016 मध्ये आपला तेथील सारा धंदा दीदीलाच विकून तिच्यात भागीदारी पत्करली. मार्च 2018 मध्ये आग्नेय आशियातील धंदा ग्रॅबच्या हवाली करून तिने 27.5 टक्के हिस्सा मिळवला. या व्यवहारानंतर सिंगापूरमधील प्रवाशांना प्रत्यक्षात मोजावे लागणारे भाडे 10 ते 15 टक्क्यांनी वाढले, असे तेथील स्पर्धा आयोगालाच आढळले आणि त्याने दोन्ही कंपन्यांना दंड केला. जानेवारी 2020 मध्ये भारतातील उबर ईट्स झोमॅटोला देण्यात आली. मोबदल्यात उबरला 9.99 टक्के हिस्सा मिळाला. आणि ज्या ओला व उबर यांची झुंज भारतीय रस्त्यांवर गाजत होती, त्या दोहोंतही जपानच्या सॉफ्टबँकेचे भांडवल गुंतलेले होते. स्पर्धेत कोणीही हरो, वाटणीत भांडवल हरत नाही.

वस्तूंच्या बाजारातही चित्र वेगळे नाही. 2007 मध्ये बंगळूरला सुरू झालेली फ्लिपकार्ट 'भारतीय उद्योजकते'चे प्रतीक म्हणून मिरवली गेली. 2018 मध्ये तिचे सुमारे 77 टक्के भाग 16 अब्ज डॉलर्सना अमेरिकेच्या वॉलमार्टकडे गेले. मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप आणि न परवडणाऱ्या सवलती, या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी 2020 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने फ्लिपकार्ट व अ‍ॅमेझॉन या दोघांविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. वर्षानुवर्षे तोटा सोसून माल विकणे हे ज्याच्यामागे परदेशी भांडवलाची थैली आहे त्यालाच शक्य असते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नव्हे. त्याची तक्रार रास्त आहे आणि तिला पाठिंबा दिलाच पाहिजे. मात्र त्याच दुकानात बारा तास राबणाऱ्या नोकराचा प्रश्न या पाठिंब्याखाली झाकला जाता कामा नये.

खरी, निर्दय स्पर्धा आहे ती खाली. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार होते. कंपन्या त्यांना 'भागीदार' म्हणतात. पण या भागीदाराला दर ठरवता येत नाही, तो संगणक ठरवतो. एका ऑर्डरसाठी त्याला शेजारच्या भागीदाराशी चढाओढ करावी लागते. ओला व उबर संगणकाद्वारे भाडे ठरवून चालकांमधील दरस्पर्धा नष्ट करतात, ही तक्रार स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये फेटाळली आणि डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. उलट 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणवले जाणारे हेच चालक एकत्र येऊन दर ठरवू लागले, तर 2002 च्या स्पर्धा कायद्याचे कलम 3 त्यांच्यावर उगारले जाऊ शकते. कंपनीने लाखो चालकांसाठी ठरवलेला दर म्हणजे बाजार, आणि चालकांनी ठरवलेला दर म्हणजे कट!

यावर सहकार हा उपाय सुचवला जातो. त्यात तथ्य आहे. बंगळूरमध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहभागाने 2022 मध्ये सुरू झालेल्या 'नम्म यात्री'ने कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घेतले आणि पुढे मोठ्या कंपन्यांनाही रिक्षांसाठी तीच पद्धत आणावी लागली. त्याच वर्षी केरळ सरकारने 'केरळ सवारी' सुरू केली. परंतु सहकार हा शब्द स्वतःहून कोणाची मुक्ती करत नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सहकारी साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा असतो. कोयता चालवणारा नसतो. ऑनलाइन सहकारातही मालकी आणि दर ठरवण्याचा हक्क राबणाऱ्याच्या हाती आहे की नाही, हीच कसोटी राहील.

म्हणून पहिली मागणी कामगार या दर्जाची आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिता कंपन्यांच्या उलाढालीतून 1 ते 2 टक्के अंशदानाची तरतूद करते. पण हा दर्जा देत नाही. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये या कामगारांसाठी कायदे केले, त्यामागे संघटनांचा रेटा होता. किमान मिळकतीची हमी, दर ठरवण्याच्या सूत्राची माहिती, कारण न देता खाते बंद करण्यास मनाई आणि संघटनेला मान्यता, या मागण्यांसाठी तोच रेटा प्रत्येक शहरात उभा करावा लागेल. इंदूर, बडोदा, हैदराबाद, पुणे, जेथे जेथे पक्षसभासद राहतात तेथे गोदामांच्या दारांशी हे तरुण ऑर्डरची वाट पाहत उभे असतात. ते अनेक प्रांतांचे आहेत, अनेक भाषा बोलतात आणि परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून वापरले जातात. वर भांडवलाने आपली एकजूट केव्हाच साधली आहे. खाली श्रमिकांची एकजूट साधण्याचे काम मात्र तेथूनच सुरू करावे लागेल.