विश्लेषण : ‘डील झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जमिनीची बोलणी मराठीत होतात, पण संपतात अनेकदा एका इंग्रजी शब्दावर : ‘डील झाली’. कर्जतची लोकल आणि खालापुरातून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे फार्महाऊस, प्लॉटसाठी येथे गिऱ्हाईक येते. मात्र या एका शब्दात किती कागद दडले आहेत, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतेच असे नाही.

शब्दाचे मूळ काय?

जुन्या इंग्रजीत ‘डील’ म्हणजे वाटणे, हिस्सा देणे. म्हणूनच पत्ते वाटणारा ‘डीलर’. पुढे व्यापार करणे, सौदा ठरवणे, तडजोड करणे हे अर्थ जोडले गेले. आता खतविक्रेताही डीलर आणि दोन देशांतला करारही ‘ट्रेड डील’. शब्द पसरला, तसा सैल झाला.

मराठीत फरक कसा कळतो?

तोंडी ठरला तो सौदा. टोकन म्हणून रक्कम दिली तो विसार. पुढे विक्री करण्याच्या अटी लिहिल्या ते साठेखत. मालकी देणारा नोंदणीकृत दस्त ते खरेदीखत. त्यानंतर सातबारावर नाव चढते ते फेरफाराने. ‘डील’ हे सारे एकाच पिशवीत कोंबते.

कायदा काय सांगतो?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’नेही मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यासाठी सर्वसाधारणपणे परवानगी लागते. ठाकूर, कातकरी वाड्यांच्या या पट्ट्यात आणखी एक अट महत्त्वाची : आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी.

मग शब्द टाकून द्यायचा का?

त्याची गरज नाही. दलालाची घाई त्या शब्दात सोयीस्करपणे मावते, इतके ओळखले तरी पुरे. विसार घेतलेल्या शेतकऱ्याला जमीन गेली असे वाटते आणि साठेखत केलेल्या खरेदीदाराला ती आपली झाली असे वाटते. दोघेही चुकतात आणि पुढची वर्षे कोर्टात जातात. त्यामुळे ‘डील झाली’ हे ऐकल्यावर अभिनंदनाआधी एकच प्रश्न विचारावा : कागद कोणता झाला?