पुढचा भाग मोठा असतो, पण चांगला असतो का?



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गावर कथालेखनाचा तास घेतला. 'अपूर्ण कथा पूर्ण करा' हा प्रकार करून पोरं कंटाळली होती. म्हटलं, आज जरा वेगळं करू. तुम्हाला आवडलेल्या एखाद्या विज्ञानाच्या पिक्चरचा पुढचा भाग तुम्हीच लिहायचा, एक पानभर. वर्गात एकच गलका उडाला. "सर, कोणता पण?" कोणता पण. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तिसरा भाग येऊन गेला असंल तर चौथा लिवायचा काय?" लिव बाबा.

संध्याकाळी वह्या घेऊन बसलो. बऱ्याच जणांनी 'कोई मिल गया' निवडला होता, कारण तो टीव्हीवर सारखा लागतो. एका मुलाच्या कथेत एक नाही, सात जादू आपल्या जयसिंगराव तलावावर उतरतात, दुसऱ्या ग्रहावरच्या राक्षसाशी त्यांची लढाई होते आणि कागलचं एसटी स्टँड हवेत उडतं. वाचताना मजा आली. पाचपैकी चार दिले.

एका मुलीची कथा अर्ध्या पानातच संपली होती. वीस वर्षांनी जादू परत येतो. रोहितची आई म्हातारी झाली आहे, अंथरुणाला खिळली आहे. जादू विचारतो, तुला काय देऊ? रोहित म्हणतो, काही नको, आईला थोडा वेळ उन्हात बसवायचंय, हात लाव. दोघं मिळून तिला अंगणात आणतात. बास, कथा संपली. मी शेरा लिहिला, 'घटना वाढव', आणि दोन गुण दिले.

रात्री जेवताना ते अंगणातलं ऊन काही डोक्यातून जाईना. जादूला शक्ती मिळते ती उन्हातून, हे पिक्चर बघितलेल्या कुणालाही माहीत असतं. या पोरीने ती एवढीशी गोष्ट उचलली आणि तिचं काहीतरी वेगळंच केलं होतं. आणि मी तिला सांगत होतो की घटना वाढव. म्हणजे निर्माते लोक पुढच्या भागात जे करतात आणि ज्याला आपण नावं ठेवतो, तेच मी वर्गात लाल पेनाने शिकवत होतो. त्यावरून हे सगळं लिहायला घेतलं.

विज्ञानकथेच्या पिक्चरचा पुढचा भाग पहिल्याच्या तोडीचा होतो का? माझं उत्तर, बहुतेक वेळा नाही. कारण पैशाचं नाही, पुढच्या भागाला पैसा उलट जास्तच असतो. अशा पिक्चरमध्ये खरा नायक एक प्रश्न असतो. असं झालं तर? माणूस मेलेला प्राणी परत जन्माला घालू शकला तर? यंत्राला भावना आल्या तर? पहिल्या भागात तो प्रश्न विचारून होतो आणि त्याचं काहीतरी उत्तर मिळतं. मग दुसऱ्या भागात करायचं काय? नवा प्रश्न शोधणं अवघड असतं. जुनंच मोठं करून दाखवणं सोपं.

'जुरासिक पार्क' मी शाळेत असताना बघितला. अमेरिकेत तो १९९३ चा, आपल्याकडे हिंदीतून १९९४ ला आला. वडिलांनी एसटीने कोल्हापूरला नेलं होतं. ग्लासातलं पाणी थरथरतं आणि डायनासोर अजून दिसलेला नसतो, तेव्हा अख्खं थिएटर चिडीचूप झालं होतं. सव्वादोन तासांच्या आत संपणाऱ्या त्या पिक्चरमध्ये डायनासोर पडद्यावर पंधरा मिनिटांच्या आसपासच दिसतात, हे पुढे कळलं तेव्हा खरं वाटेना. उरलेल्या वेळात माणसं बोलतात. डासाच्या पोटातल्या रक्तातून डीएनए मिळवला, त्यातल्या गाळलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्या, सगळ्या माद्याच तयार केल्या म्हणजे पैदास होणार नाही. आणि तरीही जंगलात अंडी सापडतात, कारण काही बेडूक आपलं लिंग बदलू शकतात. आमचे विज्ञानाचे सर दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धा तास यावरच बोलले होते. जमतंय म्हणून करायचंच का, हा तो प्रश्न होता.

१९९७ ला दुसरा भाग आला. पहिल्यात एक टी-रेक्स होता, इथे जोडी आणि वर पिल्लू. शेवटी एक थेट शहरात घुसतो. बघताना करमणूक झाली, पण बाहेर आल्यावर बोलायला काही उरलं नाही. मूळ कादंबरी मायकेल क्रायटन यांची, १९९० ची. त्यांनी पहिल्या कादंबरीत माल्कम या गणितज्ञाला जवळजवळ मारूनच टाकलं होतं. पिक्चरमध्ये तो जगला आणि लोकांना आवडला, म्हणून १९९५ च्या दुसऱ्या कादंबरीत त्याला परत जिवंत केलं. माणसाला मरणातून असं उठवावं लागतं तेव्हा समजायचं की ही गरज गोष्टीची नाही, बाजाराची आहे.

गंमत म्हणजे २०१५ च्या 'जुरासिक वर्ल्ड'मध्ये हे पिक्चरवाल्यांनी स्वतःच कबूल केलंय. त्यातली पार्क चालवणारी बाई सांगते की नुसत्या डायनासोरचं आता कुणाला नवल वाटत नाही, गिऱ्हाइकाला आणखी मोठं, आणखी भीतिदायक हवंय. म्हणून मग प्रयोगशाळेत एक नवीनच राक्षस तयार करतात. पुढचे भाग कसे निघतात याचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे ऐकलं नाही.

आता आपल्याकडचं बघू. 'कोई मिल गया' २००३ चा. त्यातला परग्रहावरचा पाहुणा सोडा, पण शिक्षक म्हणून मला त्यात सगळ्यात खरं वाटतं ते एक मोठं पोरगं लहान मुलांच्या वर्गात बसतं ते. वर्गात हसं होणाऱ्या मुलाकडे आपण कसं बघतो, हा त्या पिक्चरचा जीव. शेवटी त्याच्या शक्ती त्याला परत मिळतात, ते मला आजही पटत नाही. शक्तीशिवायचा रोहितसुद्धा आता मित्रांना हवा आहे, इथेच थांबायला हवं होतं. पण परत मिळाल्या, म्हणून २००६ ला 'क्रिश' निघू शकला. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा घालून उड्या मारतो. भविष्य दाखवणारं यंत्र त्यात आहे, आणि ते खरं तर केवढं मोठं बीज! उद्याचं कळलं तर आजचा माणूस कसा वागेल? पण यंत्र शेवटी खलनायकाची मालमत्ता होऊन राहतं. २०१३ च्या 'क्रिश ३'मध्ये विषाणू आला, मानव आणि जनावर एकत्र करून केलेले प्राणी आले, आणि वर्गात हसं होणारं ते पोरगं कुठे हरवलं ते कळलंच नाही.

'रोबोट'चं दुःख मला जास्त आहे. शंकर यांचा मूळ तमिळ 'एंथिरन' २०१० चा, रजनीकांत यांचा. त्यात आगीचा एक प्रसंग आहे. चिट्टी नावाचा रोबोट आगीतून माणसं वाचवतो, आणि आंघोळ करणाऱ्या एका मुलीलाही तसंच उचलून कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. ती लाजेने पळते आणि गाडीखाली सापडते. यंत्राच्या हिशेबात जीव वाचला म्हणजे काम झालं. लाज नावाची गोष्ट त्याच्या हिशेबातच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज एवढी भाषणं होतात, पण त्या दोन मिनिटांत जे कळतं ते मला भाषणांतून कळलेलं नाही. (प्रसंग नाजूक आहे, वर्गात बोलायचं तर मोठ्या मुलांशीच बोलावं.) आणि शेवट तर आपल्या धंद्यातला. २०३० साली शाळेची सहल संग्रहालयात येते, सुटे भाग करून ठेवलेला चिट्टी तिथे असतो. एक विद्यार्थिनी विचारते, याला मोडलं का? तर उत्तर येतं की तो विचार करायला लागला म्हणून. इतका चांगला पूर्णविराम मिळाल्यावर त्याला हात लावू नये. २०१८ ला '२.०' आला आणि त्याला परत जोडून लढाईला पाठवलं.

'२.०'ला एक मानलं पाहिजे, त्याने निदान नवा विषय घेतला. मोबाइल टॉवरमुळे पक्षी मरतात म्हणून चिडलेला पक्षितज्ज्ञ त्यात आहे. पण इथे विज्ञानाच्या शिक्षकांनी सावध राहायला हवं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं 'टॉवरमुळे चिमण्या संपल्या' हे सिद्ध झालेलं आहे असंच धरून चालतात. तसं ते सिद्ध झालेलं नाही. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये जो अहवाल निघाला, त्यात चिमण्यांची संख्या एकंदर देशात साधारण स्थिर असल्याचं दिसलं. घट होती ती मोठ्या शहरांत. घरट्याला वळचण नाही, पिल्लांना किडे नाहीत, अशी कारणं तपासून बघण्यासारखी आहेत. पिक्चरने प्रश्न विचारला असता तर मी त्याचा तास घेतला असता. त्याने उत्तरच देऊन टाकलं आणि मग दीड तास मोबाइल उडवले.

खोटं बोलणार नाही, अपवाद आहेत. 'टर्मिनेटर' १९८४ चा, दुसरा १९९१ चा. दुसऱ्याला पहिल्याच्या कितीतरी पट पैसा मिळाला होता, तरी तो नुसता मोठा झाला नाही. जेम्स कॅमेरॉन यांनी प्रश्नच उलटा केला. पहिल्यात जे यंत्र आईला मारायला येतं, तसंच यंत्र दुसऱ्यात मुलाला वाचवायला येतं. ते पोरगं त्याला सांगतं, माणसं मारायची नाहीत. ते यंत्र विचारतं, माणसं रडतात का? मारायला बनवलेली गोष्ट शिकू शकते का, हा नवा प्रश्न. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न न आवडून कसं चालेल! त्या भागात असंही ठरतं की भविष्य बदलता येतं. मग २००३ ला तिसरा भाग आला आणि म्हणाला, छे, फक्त पुढे ढकललं होतं. तिथून पुढचे मी बघायचे म्हणून बघितले.

कुणी म्हणेल, सर, पुढच्या भागांवर एवढा राग कशाला? पुढच्या भागांवर राग नाहीच. आपल्या कागलच्याच आनंद यादवांचं बघा. 'झोंबी' १९८७ ची, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार. शाळा शिकायची म्हणून बापाशी घेतलेली ती झोंबी. त्यानंतर 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल'. हेही पुढचे भागच की. पण तिथे आयुष्य पुढे सरकलंय, पोराचं वय वाढलंय, घर बदललंय, म्हणून सांगायला नवं आहे. आयुष्याला पुढचा भाग असतोच. कल्पनेला तो असेलच असं नाही.

विज्ञानकथेत मला आठवतात ते जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, म्हणून आपल्याला जरा जास्त जवळचे. मे २०२५ मध्ये ते गेले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह काढून बघा. एक कल्पना, एक कथा, कथा संपली की कल्पनाही संपली, पुढच्या कथेत दुसरी. आणि त्यांची सुरुवात कशी झाली? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. एवढा नावाजलेला शास्त्रज्ञ, पण नावाचं वजन कथेवर पडू नये, कथेने स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून नाव लपवलं. आणि त्या कथेला बक्षीस मिळालं. पुढचा भाग काढणारे नेमकं उलट करतात. नाव आधी लावतात, गोष्ट नंतर शोधतात. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचं इंग्रजीतलं नाव मात्र 'द रिटर्न ऑफ वामन', म्हणजे वामन परत आला! मराठीत जो परत येत नाही तो इंग्रजीत परत येतो, याचं मला नेहमी हसू येतं.

पालकांना एवढंच सांगेन की घरी मुलं हे पिक्चर बघतात तेव्हा 'आवडला का?' असं विचारलं तर 'लई भारी' एवढंच उत्तर मिळतं. 'पहिल्यात नव्हतं असं यात नवीन काय विचारलंय?' असं विचारून बघा. माझ्या पुतण्याने यावर दहा मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "काका, नवीन फक्त गाड्या हायत."

परवा वह्या परत केल्या. त्या मुलीच्या वहीतला 'घटना वाढव' हा शेरा खोडला, दोनाचे साडेचार केले, आणि कशासाठी ते वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. आधीचा शेरा चुकला होता, हेही सांगितलं. तिने वही हातात घेऊन विचारलं, "सर, मग आता वाढवू का नको?" नको म्हटलं. सात जादूवाल्या पोराने मात्र मधल्या सुट्टीतच पुढचा भाग लिहून आणून दिलाय. त्यात जादू एकोणपन्नास आहेत. अजून वाचायचाय.