भात दुधात आलं की घरात हा उग्र वास कसला?

डहाणू-तलासरीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री दिव्याभोवती लांबुडके, हिरवट-तपकिरी किडे येतात? चिरडले की घाण वास? या बहुतेक भातावरच्या ढेकण्या. दाणा दुधात असताना त्या रस शोषतात आणि लोंबी पोचट राहते. म्हणजे घरातला त्रास नाकापुरता, खरा फटका शेतात.

त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. त्यामुळे शेतातलं कीटकनाशक घरात मारणं म्हणजे किड्यापेक्षा उपाय घातक. लहान मुलांना विषबाधा होऊ शकते. त्यापेक्षा अंधार पडताच बाहेरचा पांढरा दिवा बंद करा, खिडकीला जाळी लावा. आत आलेल्या ढेकण्या न चिरडता झाडूने साबणाच्या पाण्यात लोटा.

बांधावरचं गवत काढलं की त्यांचा आसरा मोडतो. शेतात फार दिसल्या, तर फवारणीआधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.